विळा करमुक्त, लोखंड महाग: राजूरच्या लोहाराचा हिशेब का जुळत नाही?

भातकापणी जवळ आली की अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरात विळ्यांचं काम निघतं. वाड्यावस्त्यांवरून शेतकरी येतात. कुणाला जुना विळा पाजवून हवा असतो, कुणाला नवा घ्यायचा असतो. लोहाराने दर सांगितला की उत्तर ठरलेलं असतं, 'मागल्या साली तर एवढ्यातच दिला होता की, दादा!' थोडी घासाघीस होते, लोहार दोन-पाच रुपये सोडतो आणि ऐरणीकडे वळतो.

ते दोन-पाच रुपये कुठून जातात? लोखंड विकणारा सोडत नाही. कोळसेवालाही सोडत नाही. ते जातात लोहाराच्या मजुरीतून.

महागाई सगळ्यांनाच बसते. पण सरकारी नोकराला वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढवून मिळतो. मोठ्या सरकारी कामाच्या ठेकेदाराला करारातल्या भाववाढीच्या कलमाचा आधार असतो. लोहार, सुतार, शिंपी, चांभार, बुरूड यांच्यासाठी असं कुठलंच कलम नाही. खर्च वाढेल तसा मोबदला वाढण्याची सोय त्यांच्या धंद्यात उरलेली नाही. त्यांच्या अडचणीचं मूळ इथे आहे आणि सरकारी मदतीची दिशा नेमकी इथेच चुकते.

२० टक्के महागाई, ३० टक्के फटका

एक साधा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत.

समजा, एका विळ्याची किंमत १५० रुपये आहे. त्यात लोखंड, कोळसा, मुठीचं लाकूड आणि भात्याच्या जागी आलेल्या ब्लोअरची वीज मिळून ९० रुपये जातात. उरलेले ६० रुपये ही लोहाराची मजुरी.

आता हा खर्च २० टक्क्यांनी वाढला. ९० चे १०८ झाले. विळा १५० लाच विकला, तर मजुरी उरते ४२ रुपये. माल २० टक्क्यांनी महागला, पण लोहाराची कमाई ३० टक्क्यांनी घटली.

विळ्याची किंमत १० टक्क्यांनी वाढवून १६५ केली, तरी हाती ५७ च येतात. पूर्वीचे ६० रुपये टिकवायचे, तर किंमत १६८ करावी लागते. आणि ते ६० रुपयेही पूर्वीचे नसतात, कारण दरम्यान घरातलं तेल, डाळ आणि मुलांच्या शाळेचा खर्चही वाढलेला असतो.

मग दर का वाढवत नाहीत?

पहिलं कारण, गिऱ्हाईक. राजूर परिसरातला बराचसा शेतकरी आदिवासी आणि अल्पभूधारक आहे. त्याचं भातही पावसाच्या भरवशावर. लोहाराला त्याची परिस्थिती माहीत असते, अनेकदा दोघांची ओळख बापजाद्यांपासूनची असते. अशा माणसाला एकदम १८ रुपये जास्त सांगताना जीभ अडते.

दुसरं कारण, शेजारच्या दुकानात टांगलेला कारखान्याचा विळा. कारखाना लोखंड टनाने घेतो, लोहार किलोने. त्यामुळे कच्च्या मालाचा दर वाढायच्या आधीपासूनच लोहार मागे असतो.

तिसरं कारण, वेळ. खर्च कोणत्याही महिन्यात वाढतो, दर मात्र हंगामालाच वाढवता येतो. राजूरच्या प्रसिद्ध पेढ्याचंच बघा. भंडारदऱ्याहून परतणारे पर्यटक तो आवर्जून घेतात. पण व्यावसायिक सिलिंडरचे दर सहसा दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात, पेढ्याचा दर काही दर महिन्याला बदलता येत नाही. मधल्या काळातली वाढ दुकानदार सोसतो. पेढ्याच्या दुकानाला निदान रोजचं गिऱ्हाईक असतं. लोहाराकडे एक हंगाम हुकला, की वर्ष गेलं.

करमुक्त विळा, करपात्र लोखंड

जीएसटीमध्ये हाताने वापरायच्या शेती अवजारांवर कर नाही. विळा, कुदळ, फावडं, कुऱ्हाड यांचा दर शून्य. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे.

पण ज्या लोखंडापासून विळा बनतो, त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. भंगारावरही तेवढाच. गावचा लोहार बऱ्याचदा जुन्या गाड्यांच्या पाट्यांचं लोखंड वापरतो. ते बिलाविना घेतलं, तरी बाजारभाव चढला की भंगारही चढतं.

करपात्र वस्तू बनवणारा नोंदणीकृत कारखाना कच्च्या मालावर भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेतो. विळ्याच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे, कारण करमुक्त वस्तूवर अशी वजावट मिळत नाही. शिवाय वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्तीच नाही. म्हणजे खिडक्यांची ग्रील किंवा फाटक अशी करपात्र वस्तू बनवली, तरी नोंदणी नसलेल्या छोट्या कारागिराला वजावट नाही. १०० रुपयांच्या लोखंडावरचे १८ रुपये त्याच्या खर्चातच राहतात. कागदावर विळा करमुक्त असतो, पण त्याच्या पोटातल्या लोखंडाचा कर कुणीतरी भरलेला असतोच.

पोलादाच्या दरात सरकार लक्ष घालत नाही, असं नाही. दर भडकले तेव्हा मे २०२२ मध्ये पोलादाच्या अनेक प्रकारांवर निर्यात शुल्क लावलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतलं. स्वस्त आयातीचा त्रास होऊ लागला, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलाद उत्पादनांच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरतं संरक्षण शुल्क बसवलं. अशा निर्णयांच्या चर्चेत पोलाद कारखाने, वाहन कंपन्या आणि बांधकाम व्यावसायिक असतात. किलोने लोखंड घेणाऱ्याचा आवाज तिथे पोहोचत नाही.

बलुत्यात काय होतं?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीचं तपशीलवार वर्णन आहे. लोहार वर्षभर अवजारं दुरुस्त करून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचा.

ही व्यवस्था जातीला बांधलेली होती. धंदा बदलण्याची मुभा नव्हती, मोबदला देणाऱ्याची मर्जी चालायची. ती गेली हे चांगलंच झालं. पण तिच्यात एक गोष्ट होती: मोबदला धान्यात होता. बाजारात धान्य महागलं, तर बलुत्याची किंमतही आपोआप वाढायची. रोख व्यवहार आला, बंधन सैल झालं आणि त्याबरोबर हे संरक्षणही गेलं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

विश्वकर्मा योजना कुठे कमी पडते?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, कुंभार, शिंपी, चांभार, टोपल्या विणणारे अशा १८ व्यवसायांचा समावेश आहे. प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज असं तिचं स्वरूप आहे. कर्जाचा पहिला टप्पा १ लाख रुपयांपर्यंत १८ महिन्यांसाठी, दुसरा २ लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी.

योजना उपयोगी आहे. ५ टक्क्यांनी पैसे गावात दुसरं कोण देतं? पण १ लाखाची १८ महिन्यांत परतफेड म्हणजे महिन्याला सुमारे ५,८०० रुपयांचा हप्ता. हंगामावर चालणाऱ्या धंद्याला तो जड जातो. आणि अवजारं एकदाच घ्यायची असतात, लोखंड दर हंगामाला. नवा घण मिळाला म्हणून लोखंड स्वस्त होत नाही.

कर्जाने वेळ मिळतो. मजुरी घटतच राहिली, तर तेच कर्ज पुढे ओझं होतं. या भागाला हे नव्याने सांगायला नको. सावकारशाहीविरुद्ध उठलेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे.

काय करता येईल?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. हातमाग विणकरांसाठी केंद्राची कच्चा माल पुरवठा योजना आहे. त्यात सुताच्या वाहतुकीचा खर्च भागवला जातो आणि सुती लडीसारख्या ठरावीक सुतावर १५ टक्के सवलत मिळते. सूत मिळायला डेपो आहेत. हीच कल्पना लोखंड आणि बांबूसाठी का नको? खादी व ग्रामोद्योग मंडळाने तालुक्यातल्या कारागिरांची मागणी एकत्र करून माल टनाने घेतला आणि किलोने दिला, तरी किरकोळ आणि घाऊक दरातला मोठा फरक वाचेल.

दुसरी गोष्ट कामाची. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय राजूरमध्येच आहे. आश्रमशाळांची बाकं, पलंग, दारं-खिडक्या सतत दुरुस्तीला येतात. त्यातली छोटी कामं स्थानिक कारागिरांना द्यावीत आणि दर वर्षी त्यांचे दर सुधारावेत. पावसाळ्यानंतरचा एक हंगाम सोडला, तर उरलेल्या महिन्यांनाही त्यामुळे काम मिळेल.

तिसरी गोष्ट कारागिरांनी स्वतः करण्याची. एकट्याने दर वाढवला, तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. परिसरातल्या लोहारांनी हंगामाआधी एकत्र बसून खर्चाचा हिशेब मांडला आणि तो दरफलकासोबत लावला, तर घासाघीस निदान खऱ्या आकड्यांवर होईल.

आणि गिऱ्हाईकाचं काय? मोबाईलचं रिचार्ज महागलं, तर कुणी घासाघीस करत नाही, कारण समोर माणूस नसतो. लोहारासमोर ती करता येते, कारण तो ओळखीचा असतो. पुढच्या कापणीला विळ्याचा दर १५ रुपयांनी जास्त सांगितला गेला, तर 'मागल्या साली' म्हणण्याआधी लोखंड किती झालंय, एवढं विचारायला हरकत नाही.