वैद्यकीय लेखनिक आणि ऐकणारें यंत्र

शाळेचा निरोप घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीं कोणता व्यवसाय पत्करावा, या विषयावर या अंकांत दर वर्षीं कांहींना कांहीं येतेंच. यंदा आम्हीं अशा एका व्यवसायाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे, कीं ज्याची शिफारस एके काळीं आम्हींच मोठ्या उत्साहानें केली होती. डॉक्टरांनीं तोंडीं सांगितलेलीं टिपणें ऐकून लिहून काढण्याचा हा व्यवसाय. लोकांत त्याचें नांव 'मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन' असें रूढ आहे. आमच्या सांगण्यावरून त्यांत शिरलेली एक माजी विद्यार्थिनी गेल्या उन्हाळ्यांत शाळेंत येऊन भेटली. वीस वर्षें केलेलें काम आतां आठवड्यांतून दोन दिवसांपुरतें उरलें असल्यामुळें दुसऱ्या नोकरीसाठीं ती दाखला मागावयास आली होती. दाखला आम्हीं दिला. परंतु दिलेल्या सल्ल्याचा जाब स्वतःस विचारणेंही आम्हांस प्राप्त झालें.

१९९० नंतरच्या दशकांत हें काम अमेरिकेंतून इकडे येऊं लागलें. तेथील डॉक्टर दिवसभर रोगी तपासून सायंकाळीं आपलीं टिपणें सांगत, आणि तो आवाज मुंबई, बंगलोर, हैदराबाद येथील लेखनिकांकडे पोहोंचे. न्यूयॉर्क व मुंबई यांच्या घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचें अंतर; तिकडे डॉक्टर निजला असतां इकडे दिवसां काम होई व सकाळीं त्याच्या पुढ्यांत मजकूर तयार असे. कानांस हेडफोन, पायाखालीं आवाज थांबविण्याचें पेडल. मोबदला ओळीवर, आणि ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरें. बाहेरून पाहणारास हें केवळ टंकलेखन वाटे. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. वस्तुतः 'डिसफेजिया' म्हणजे गिळण्यांतील अडचण आणि 'डिसफेसिया' म्हणजे वाचेचा दोष. 'इलियम' हें आतड्याच्या एका भागाचें नांव आहे तसेंच कमरेच्या हाडाचेंही. उच्चार एकच, फरक काय तो लिहिण्यांतील एका अक्षराचा. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेरेबिक्स झटक्यांवर आणि सेलेक्सा नैराश्यावर! घाईघाईनें बोलणाऱ्या डॉक्टराच्या तोंडून यांपैकीं कोणता शब्द निघाला हें ठरविण्यास नुसता कान पुरत नाहीं; त्या रोग्याची सर्व हकीकत मनांत जागी असावी लागते.

या व्यवसायाचा एक नियम मात्र आम्हांस फार मोलाचा वाटतो. जें ऐकूं आलें नाहीं तें अंदाजानें लिहूं नये. जागा कोरी सोडावी व तसें डॉक्टरास कळवावें. आमची विद्यार्थिनी सांगत होती, कीं कोऱ्या जागा फार झाल्या तर वरिष्ठ रागावत. परंतु अंदाजानें भरलेली एखादी जागा सांपडली तर रागावण्यावर भागत नसे.

पहिला धक्का यंत्रानें दिला नाहीं. २००९ सालच्या अमेरिकन कायद्यान्वयें रोग्यांचीं कागदपत्रें संगणकावर नेण्यासाठीं सरकारी पैसा मिळूं लागला आणि पुष्कळ डॉक्टर रकाने स्वतःच भरूं लागले. बोलणें ऐकून लिहिणारी प्रणाली त्यापूर्वींपासूनच बाजारांत होती. पण तिला एकेका माणसाच्या आवाजाची संवय करून द्यावी लागे. आतां तें राहिलें नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें या विद्येंतील न्यूआन्स ही अग्रेसर कंपनी सुमारें १,९७० कोटी डॉलरांस घेण्याचें २०२१ सालीं ठरविलें, व पुढील वर्षीं घेतली. आजचें यंत्र डॉक्टर व रोगी यांचें संभाषण खोलींतच ऐकतें व टिपण आपण होऊन रचतें.

तें झरझर लिहितें, थकत नाहीं. तथापि त्यास कोरी जागा सोडतां येत नाहीं. ओपनएआय या संस्थेनें २०२२ सालीं व्हिस्पर नांवाची प्रणाली प्रसिद्ध केली. आजारानें ज्यांची वाचा अडखळते अशीं माणसें व निरोगी माणसें, अशा दोघांचेंही बोलणें संशोधकांनीं तिला ऐकविलें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें शंभरांतील सुमारें एका तुकड्यांत तिनें कोणीं न उच्चारलेलीं वाक्यें वा शब्दसमूह घातले होते, व त्यांपैकीं ३८ टक्के अपायकारक ठरण्याजोगे होते. बोलणारा जेथें अधिक थांबला, तेथें हा प्रकार अधिक झाला.

माणूस चुकत नाहीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत २००८ सालीं एका रोग्याच्या टिपणांत इन्सुलिनचे ८ एककांऐवजीं ८० एकक लिहिले गेले व तो रोगी दगावला. २०१२ सालीं पंचांनीं १४ कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. तें लेखन हिंदुस्थानांत झालें होतें, हें आम्हीं विसरतां कामा नये. पण त्या चुकीचा माग लागला. मूळ काय आणि लिहिलें काय, हें पडताळून पाहतां आलें. उलट, आतांच्या कांहीं प्रणालींत टिपण तयार झालें कीं मूळ आवाज पुसून टाकितात. मग पडताळणार कशाशीं?

लेखनिकाकडे आतां यंत्राचें लेखन तपासण्याचें काम उरलें आहे, आणि त्यास ओळीमागें पूर्वींपेक्षां कमी दर मिळतो, जणूं तें हलकें काम आहे. स्वच्छ छापलेल्या वाक्यावर डोळा लागलीच विश्वास ठेवतो. त्यांतील खोटा शब्द हुडकणें हें कोरें लिहिण्याहून कठीण. आमचें स्पष्ट मत असें, कीं मूळ आवाज राखून ठेवावा, तपासणारास ओळीवर नव्हे तर वेळेवर पैसे द्यावे, आणि शंका येतांच थांबणारें यंत्र बनेपर्यंत माणसास दूर करूं नये.

आमच्या इकडील रुग्णालयांतही हीं यंत्रें येतील. आमची एखादी आजीबाई डॉक्टरास सांगते, "जीव घाबरा होतो, अंगांत कसकस आहे." यांतील 'जीव घाबरा' म्हणजे भीति, धाप कीं छातींतील धडधड, हें विचारून घ्यावें लागतें, इंग्रजी टिपणांत एक शब्द दडपून भागत नाहीं. येथें मराठी जाणणाऱ्या माणसाचें काम आहे, व तें लवकर संपेल असें आम्हांस दिसत नाहीं.

म्हणून ज्यांस या कामाची आवड असेल त्यांनीं शरीरशास्त्र शिकावें, औषधांचीं नांवें व त्यांचीं प्रमाणें पाठ करावीं, इस्पितळांत बसून खेडुतांचें बोलणें ऐकावें. टंकलेखनाच्या वेगाचें प्रमाणपत्र मिळविण्यांत वर्ष घालवूं नये. आमच्या विद्यार्थिनीच्या दाखल्यांत आम्हीं प्रथम तिच्या वेगाचीच स्तुति केली होती. तिनें ती ओळ खोडावयास लाविली.