हिशोब जुळला, खेळ फसला

मागच्या शनिवारी आमच्या गटातला एक जण खेळ सोडून गेला. भांडण नाही, आवाज नाही. "तुमचं चालू द्या भावा, मी खाली चहा सांगून येतो," म्हणाला. चहा आला, तो आलाच नाही. चूक माझी. खेळ मी चालवत होतो आणि 'बॅलन्स' नावाची एक्सेल शीटही माझीच होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ साली आलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट चालवायची, जमलं की फसलं ते फासे ठरवणार. सुरुवातीला पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा क्षमता तीन-तीन फासे टाकून ठरायच्या. नशिबात असेल ते घ्या! पुढे गुण मोजून क्षमता विकत घ्यायची पद्धत रुळली. स्टीव्ह जॅक्सनच्या १९८६ च्या 'गर्प्स'चा तर सगळा डोलाराच त्यावर उभा आहे. डन्जन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत या पद्धतीने २७ गुण मिळतात. क्षमता ८ असेल तर फुकट, १२ ला ४ गुण, १३ ला ५, आणि १५ ला थेट ९.

आता आमची गोष्ट. या मित्राचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे. त्याला हवा होता तालमीतला पैलवान. पुस्तकात तसलं काही नाही, म्हणून मी हौसेने नवीन पात्र बनवून दिलं. प्रत्येक डावाची किंमत लावली, सगळ्यांची बेरीज सारखी आणली. एका इंजिनिअर मित्राने क्षमता घेतल्या १५, १५, १५, ८, ८, ८. पैलवानाने घेतल्या १३, १३, १३, १२, १२, १२. करा बेरीज. दोन्हीकडे बरोबर २७!

आणि तरी पैलवान बसून राहिला. कारण साधं आहे. कुलूप उघडायचंय? सगळ्यात चपळ तो पुढे. सरदाराला पटवायचंय? सगळ्यात गोडबोल्या पुढे. प्रत्येक कामाला गटातला सगळ्यात तरबेज माणूस जातो, त्यामुळे सगळं थोडं थोडं येणाऱ्याचा नंबर कधी लागतच नाही. मारामारी सोडली तर चार तासांत त्याने फासा दोनदा टाकला.

कोल्हापूरचा माणूस म्हणेल, वजनी गट लावा की! कुस्तीत ते बरोबरच आहे. आमच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत. पण वजनी गट समोरासमोर लढणाऱ्यांसाठी असतात. आमची पात्रं एकाच बाजूची. हा खेळ कबड्डीच्या संघासारखा आहे. चढाईवाला आणि कोपऱ्यात पकड करणारा, यांना कोणी काट्यावर घालून बघत नाही. दोघांची वेळ येते का, एवढंच बघायचं.

"मग पुस्तकातलीच पात्रं घ्या, घरचे प्रयोग बंद," असं काही जण म्हणतात. अहो, ते २७ गुण पुस्तकातलेच आहेत! दुसरा युक्तिवाद मला जास्त चीड आणतो: "त्याने नीट वाचून पात्र बनवायला हवं होतं." सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानात उभा असणारा माणूस तीनशे पानं वाचून, गुणाकार करून येणार? युजरने मॅन्युअल वाचलं नाही म्हणून हात झटकणाऱ्या सपोर्टवाल्यात आणि आपल्यात मग फरक काय?

माझ्या मते घरचं पात्र बनवताना बेरजेच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. गटात फक्त हाच करू शकेल असं काम कोणतं? तेच काम आधीच दुसऱ्या कोणाकडे आहे का? आणि दोन-तीन डाव खेळून झाल्यावर पात्र बदलायची मुभा आहे का? बेरीज नंतर करा, थोडी चुकली तरी चालेल.

सगळ्यात लाज वाटली ती शीट परत उघडल्यावर. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "माझ्या पैलवानाची गावोगावच्या तालमीत ओळख पाहिजे. कुठंबी गेला तरी मुक्कामाची सोय आणि चार माणसं उभी राहतील." मी ते 'सजावट' या रकान्यात टाकलं होतं. किंमत शून्य, खेळात उपयोगही शून्य. परक्या गावात दार उघडून देणारं पात्र आमच्याकडे दुसरं कुठलंच नव्हतं. म्हणजे त्याचं काम त्याने स्वतःच सांगितलं होतं. मी आपला गुण मोजत बसलो.

असो. उद्या सकाळी त्याच्या दुकानात जाणार आहे. शीट घरीच ठेवून. येतो म्हणाला तर पुढच्या शनिवारची गोष्ट एका तालमीच्या दारात सुरू होईल. बघू.