एका अक्षराचे मोल

कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणी स्थानकात लोकल येऊन थांबली की त्या उभ्या गाडीला इंग्रजीत ‘स्टेशनरी’ हे विशेषण लागते. स्थानकाबाहेरच्या बाजारात वह्या, पेन, पावतीपुस्तके मिळतात, त्या मालालाही ‘स्टेशनरी’च म्हणतात. मराठी कानाला दोन्ही शब्द एकच वाटतात. लिहिताना मात्र अखेरच्या ‘आर’च्या आधी पहिल्यात ‘ए’ येतो आणि दुसऱ्यात ‘ई’. अशा जोड्या घोकून लक्षात राहत नाहीत; त्यांचे कूळ कळले की अक्षर सहसा चुकत नाही.

‘स्टेशन’च्या मुळाशी ‘उभे राहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. संस्कृतातील ‘स्था’ हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे स्थानक आणि स्टेशन हे दूरचे नातेवाईकच होत. मध्ययुगीन युरोपात अनेक विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. विद्यापीठांच्या परिसरात मात्र एका जागी दुकान मांडून ग्रंथ विकणारे व्यापारी असत. ठाण मांडून बसलेला म्हणून तो ‘स्टेशनर’. लंडनमधील अशा व्यावसायिकांचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. ‘ग्रोसर’ विकतो ती ‘ग्रोसरी’, तशी ‘स्टेशनर’ विकतो ती ‘स्टेशनरी’. दुकानदाराच्या नावातील ‘ई’च मालाच्या नावात उतरला, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

दुसरी जोडी प्रत्येक पेढीच्या परिचयाची आहे. ‘प्रिन्सिपल’ हा उच्चार एक. पण शेवटी ‘पी-ए-एल’ असेल तर अर्थ ‘मुख्य’ आणि ‘पी-एल-ई’ असेल तर ‘तत्त्व’. दोन्हींच्या मुळाशी ‘पहिला’ हीच कल्पना आहे. शाळेत पहिला मान मुख्याध्यापकाचा, म्हणून तो ‘प्रिन्सिपल’. कर्जात व्याजाच्या आधी येते ते मुद्दल, म्हणून तेही ‘प्रिन्सिपल’. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आडत्यामार्फत व्यवहार करणाऱ्या मूळ मालकालाही हाच शब्द योजला आहे. या तिन्ही ठिकाणी शेवट ‘ए-एल’ने होतो. मुद्दलाच्या जागी चुकून ‘तत्त्व’ छापले गेले, तर वाचणाऱ्याच्या मनात लिहिणाऱ्याविषयी पहिली शंका तेथेच उत्पन्न होते.

‘चेक’चा प्रवास तर आपल्याच घरातून सुरू होतो. भारतातील चतुरंगाचा खेळ इराणात गेला. तेथे राजाला ‘शाह’ म्हणत. राजावर हल्ला होताच त्याच शब्दाने इशारा दिला जाई. तो शब्द अरबी आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चेक’ झाला आणि अडवणे, पडताळणे असे त्याचे अर्थ विस्तारले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकटीच्या कापडावर सोंगट्या मांडून होई. पटासारख्या त्या कापडावरून खजिन्याला ‘एक्सचेकर’ हे नाव मिळाले. पुढे पैसे देण्याच्या आदेशपत्राचे नाव लिहिताना याच शब्दाच्या प्रभावाने ‘क्यू-यू-ई’ हा शेवट रूढ झाला. अमेरिकेत आजही ते साध्या ‘सी-के’ने लिहितात. आपल्याकडे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने ‘क्यू-यू-ई’ची रीत स्वीकारली आहे. त्याच कायद्याचे कलम १८ व्यापाऱ्यांनी आवर्जून स्मरणात ठेवावे: आकड्यांतील आणि अक्षरांतील रक्कम भिन्न असेल, तर अक्षरांतील रक्कम ग्राह्य धरली जाते. आकड्यांवर जगणाऱ्या व्यवहारातही अखेरचा शब्द अक्षरांचाच असतो.

दिवाळीच्या भेटवस्तूंवर छापल्या जाणाऱ्या ‘कॉम्प्लिमेंट्स’चेही असेच. मधले अक्षर ‘आय’ असेल तर शुभेच्छा किंवा प्रशंसा, ‘ई’ असेल तर पूरक वस्तू. मूळ एकच, ‘पूर्ण करणे’. एक शब्द लॅटिनमधून आला आणि दुसरा इटली-स्पेनच्या शिष्टाचारातून फिरून आला.

हे केवळ भाषेचे कौतुक नव्हे. ब्रिटनमध्ये २००९ साली ‘टेलर अँड सन’ नावाची एक कंपनी दिवाळखोरीत गेली. सरकारी नोंदणी कार्यालयाने ती नोंद चुकून कार्डिफच्या ‘टेलर अँड सन्स’ या जुन्या अभियांत्रिकी कंपनीच्या नावावर चढवली. फरक एका ‘एस’चा. काही दिवसांत दुरुस्ती झाली. परंतु तोवर बातमी पतमापन संस्थांपर्यंत पोहोचली होती. पुरवठादारांनी उधारी बंद केली, ग्राहक दुरावले आणि सुस्थितीतील कंपनी काही आठवड्यांतच कोसळली. २०१५ मध्ये न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरले, पण पिढ्यांची पेढी त्याने परत आली नाही. पत उभारायला वर्षे लागतात, हे व्यापारी घराला वेगळे सांगावयास नको.

जैन परंपरेने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. हेमचंद्राचार्यांच्या ‘परिशिष्टपर्वा’त कुणालाची कथा येते. सम्राट अशोकाने उज्जयिनीत वाढणाऱ्या आपल्या पुत्राविषयी पत्रात ‘अधीयउ’, म्हणजे ‘त्याने अध्ययन करावे’, असे लिहिले. सावत्र मातेने त्यावर एक अनुस्वार दिला. शब्द ‘अंधीयउ’ झाला, आणि पित्याची आज्ञा मानून कुमाराने स्वतःचे डोळे गमावले. याच कुणालाचा पुत्र म्हणजे धर्मप्रभावक संप्रती महाराज.

म्हणूनच ज्ञानाच्या आठ आचारांत व्यंजन, अर्थ आणि तदुभय हे तीन स्वतंत्र सांगितले आहेत: अक्षर शुद्ध असावे, अर्थ शुद्ध असावा आणि दोन्ही मिळूनही शुद्ध असावे. ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांची पूजा करतो आणि अनेक पेढ्यांत त्याच लाभपंचमीला नव्या वहीचा व्यवहार सुरू होतो. विद्या आणि व्यापार एकाच तिथीस जोडणाऱ्या समाजाने अक्षराची हेळसांड करू नये.

त्यासाठी मोठ्या पांडित्याची आवश्यकता नाही. करारपत्र, धनादेश, देयक, जीएसटीच्या नोंदीतील पेढीचे नाव स्वाक्षरीपूर्वी अक्षर-अक्षर लावून वाचावे आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीकडूनही वाचून घ्यावे. घरात इंग्रजी शाळेत जाणारे नातवंड असेल, तर हे काम अवश्य त्याच्याकडे सोपवावे. त्याचे शब्द पक्के होतील आणि पेढीचे कागदही.