नावाखालच्या चार ओळी

गेल्या महिन्यात सुरतेहून माझ्या भाच्याचे पत्र आले. तो तेथे एका कापडाच्या कारखान्यात जॉबर आहे. बिघडलेला माग दुरुस्त करणे हे त्याचे काम. बारा वर्षे इमानाने राबल्यावर त्याचा पहिला कारखाना बंद पडला. दुसऱ्या दारी उभा राहिला तेव्हा त्यास कळून चुकले, की आपले कसब केवळ एका मालकास ठाऊक होते, आणि तो मालक तर धंदा मोडून निघून गेला! नव्या जागी त्यास नवशिक्याच्या पगारावर राहावे लागले.

तेव्हापासून तो रोज रात्री वहीत चार ओळी लिहू लागला. ताण्याचा धागा पुनःपुन्हा का तुटतो, फणीचा दात खरखरीत झाल्याचे बोटाने कसे ओळखावे, धोटा झिजला म्हणजे काय करावे, अशी ती टिपणे होती. शिकाऊ पोरांनी ती उतरवून घेतली. आता त्या धंद्यातील एक गृहस्थ ती वही छापावयास निघाले आहेत. भाचा विचारतो, ‘‘मामा, वर माझे नाव घालू का? लोक फुशारकी म्हणतील. शिवाय यातले निम्मे मला आमच्या म्हाताऱ्या चाचांनी शिकवले आहे.’’

वाचकहो, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या गावातील सुतार, परिचारिका, शिक्षक, बागाईतदार ह्या साऱ्यांचा तो आहे. हातात गुण असतो, पण तो वेशीबाहेर कोणास ठाऊक नसतो.

योगायोग असा, की ह्या प्रश्नाचे उत्तर सुरतेच्याच इतिहासात सापडते. मुंबईत १८१४ साली जन्मलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर हे पेशाने शिक्षक. मराठी भाषेचे नियम त्यांनी जुळवून मांडले आणि १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, आपले व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. तेथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसमवेत मानवधर्मसभेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. पुढे ते डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर म्हणविले गेले. ते हुद्दे आज कोणास आठवतात? लोक त्यांना ओळखतात ते ‘मराठीचे पाणिनी’ म्हणून. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी पहिल्या आवृत्तीवर समाधान मानले नाही. नव्या आवृत्त्या काढल्या, आणि १८८१ साली व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी ते वारले. लेखकाची पत वाढते ती अशाने.

दुसरे उदाहरण खुद्द सुरतेच्या सुपुत्राचे. कवी नर्मद, म्हणजे नर्मदाशंकर दवे, ह्यांनी १८५८ साली मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि केवळ लेखणीच्या आश्रयाने राहण्याचा निश्चय केला. १८६४ साली त्यांनी ‘डांडियो’ हे पाक्षिक काढून समाजातील दोषांवर निर्भयपणे प्रहार केले. एकट्याच्या बळावर गुजराती शब्दांचा ‘नर्मकोश’ रचून १८७३ साली पुरा छापला. कीर्ती अफाट झाली; पण घरात कर्ज शिरले. शेवटी १८८२ साली, जवळजवळ चोवीस वर्षांनी, त्यांना पुन्हा नोकरी धरावी लागली. १८८६ साली ते निवर्तले. आज सुरतेचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. नाव अमर झाले खरे, पण नावाने चूल पेटली नाही.

ह्या दोघांची चरित्रे शेजारी ठेवून मी भाच्यास पुढीलप्रमाणे कळविले :

‘‘बाळ, नाव अवश्य घाल. निनावी कागदाची जबाबदारी कोणी घेत नाही. नाव घातले म्हणजे चूक झाल्यास लोक तुला जाब विचारू शकतात. ती फुशारकी नव्हे, जामीनकी आहे. जे स्वतःच्या हाताने करून पाहिलेस तेवढेच लिही. कोणी चूक दाखविली तर रागावू नकोस, दुरुस्ती छाप. नोकरी मात्र सोडू नकोस. मागापासून दूर गेलास तर लिहावयास उरणार काय? आणि चाचांनी शिकविलेले जेथे जेथे येईल, तेथे त्यांचेही नाव घाल. दुसऱ्याच्या विद्येवर उभारलेली कीर्ती ही उसन्या कपड्यासारखी असते. मालक समोर आला की लाजावे लागते.’’

परवा त्याचे उत्तर आले. चाचांना वाचता येत नाही. म्हणून त्याने वही त्यांस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविली. म्हाताऱ्याने तीन ठिकाणी चुका काढल्या, आणि पावसाळ्यात धागा कसा सांभाळावा ह्याचे एक अख्खे प्रकरण नव्याने सांगितले. वहीवर आता दोन नावे आहेत, चाचांचे आधी. नव्या मालकाने पगार अद्याप वाढविलेला नाही. मात्र परवा शेजारच्या कारखान्यातून एक अनोळखी माणूस त्याचा पत्ता विचारीत आला होता. मालकास नव्हे, थेट त्यास भेटावयास.

आपल्या घरातही एखादी कोरी वही पडलेली असेल. जे आपणांस खरोखर येते, त्याच्या चार ओळी तीत आज रात्री लिहून ठेवा. आणि ज्यांनी शिकविले, त्यांचे नाव विसरू नका.