श्वासाकडे पाहा, अन्यायाकडेही पाहा!

दादरच्या राजगृहापासून चालत निघाले की थोड्याच अंतरावर माटुंग्याची रुईया, पोदार, खालसा ही महाविद्यालये आणि व्हीजेटीआय, आयसीटी या संस्था लागतात. खेड्यापाड्यांतून, झोपडपट्ट्यांतून आलेली आपली मुले-मुली इथे शिकतात. इंग्रजीची धास्ती, रखडलेली शिष्यवृत्ती आणि वर 'कोट्यातून आलास ना?' हा टोमणा. मन खचते. मग सल्ला मिळतो, ध्यान कर, शिबिराला जा!

ध्यानाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आनापान हा तथागतांचा वारसा आहे. गोयंका गुरुजींनी 1969 साली भारतातील पहिले विपश्यना शिबिर मुंबईतच घेतले. पुढे शासनाने 'मित्र उपक्रमा'तून आनापान शाळांत नेले. परीक्षेच्या भीतीने धडधडणारे मन दहा मिनिटांच्या श्वासनिरीक्षणाने सावरू शकते. परंतु गंभीर मानसिक आजारात दहा दिवसांचे शिबिर करू नये, असे विपश्यना केंद्रेच सांगतात. झोप उडालेल्या, जगणे नकोसे झालेल्या विद्यार्थ्याला डॉक्टरकडेच न्यावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 ने उपचार हा हक्क दिला आहे. 'टेलिमानस'चा 14416 हा मोफत क्रमांकही आहे.

आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. 'दुःख तुझ्या मनात आहे' असे म्हटले की दुःख देणारा नामानिराळा राहतो! 2016 साली हैदराबादेत रोहित वेमुला गेला, तो वसतिगृहातून बाहेर काढला गेल्यानंतर. 2019 साली मुंबईत आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली. जातीय छळाची तक्रार तिच्या कुटुंबाने केली. यांना ध्यान शिकवून भागले असते काय? या दोघांच्या मातांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मागणी साधी होती: भेदभाव रोखण्यासाठी यूजीसीने 2012 साली केलेले नियम प्रत्यक्षात राबवा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, कारण तो पीडितालाच दोषी ठरवतो. अष्टांगिक मार्गात समाधी आठवी येते. आरंभ सम्यक दृष्टीने होतो.

म्हणून माटुंगा लेबर कॅम्पसारख्या वस्त्यांतील विहारांनी रविवारच्या वंदनेनंतर विद्यार्थ्यांना जवळ बसवावे. आधी त्यांचे ऐकावे, मग आनापान शिकवावे आणि गरज पडल्यास तक्रार अर्ज लिहून द्यावा. वकील, डॉक्टर, प्राध्यापक आपल्यात आज कमी नाहीत. समाजाचे ऋण फेडायची हीच जागा आहे.

जय भीम!