तंबूबाहेरचा खेळ

कसरतवाल्यांचे चित्र म्हटले की डोळ्यांपुढे कोलांट्या, झोके, तारेवर तोल सांभाळणारी मुलगी असले काहीतरी येते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच चित्रकार मात्र मोठे विचित्र! गावोगाव फिरून खेळ करणाऱ्यांची त्यांनी ढिगाने चित्रे काढली; पण त्यांतली मला आवडतात त्यांत खेळ जवळजवळ नाहीच. या लोकांना तिकडे 'साल्तँबांक' म्हणतात, म्हणजे बाकावर उड्या मारणारे. दोमियेने ते रंगवले तेही चंबूगबाळे उचलून पुढच्या मुक्कामाला निघालेले.

ग्यूस्ताव्ह दोरे हा बायबल आणि डॉन किहोते यांतल्या चित्रांमुळे गाजलेला गृहस्थ. त्याचे १८७४ सालचे चित्र पाहून माझा जीव गलबलला. खेळाचे कपडे अंगावर तसेच, डोक्याला पट्टी, असे लेकरू आईच्या कुशीत निपचित पडले आहे. लाल पोषाखातला बाप शेजारी बसून नुसता बघतो आहे. आईच्या पायाशी पत्ते मांडलेले, कुत्रीदेखील मुकाट.

त्याच वर्षी डिसेंबरात फ्रान्समध्ये कायदा झाला. १६ वर्षांखालच्या मुलांकडून कुणी जिवावरची कसरत करून घ्यायची नाही. हाच धंदा करणाऱ्या आईबापांनीसुद्धा १२ वर्षांखालचे आपले मूल खेळात उतरवायचे नाही. ठीक झाले, पण चार हात राबायचे तिथे दोन राबले, तर चूल कशी पेटायची?

तिकिटे खपावीत म्हणून तंबूबाहेर थोडा फुकट खेळ दाखवायची तिकडे रीत होती. १८८८ साली पॅरिसच्या प्रदर्शनांत या एकाच विषयावरची दोन चित्रे लागली. झॉर्झ सराचे जगप्रसिद्ध आहे. ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेला गॅसबत्त्यांचा उजेड आणि त्यात उभा वाजंत्री. सुंदर, पण थंड. फेर्नां पेलेझचे चित्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक. ते सहा मीटरांहून रुंद आहे, पॅरिसच्या पती पाले संग्रहालयात. मध्ये विदूषक तोंड वेंगाडून गिऱ्हाईक बोलावतो आहे. उजवीकडे थकलेले म्हातारे वादक बसले आहेत. डावीकडे चढत्या उंचीने पोरे उभी केली आहेत, आणि टोकाचे सर्वांत धाकटे चक्क रडते आहे.

कायद्याला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. त्या रडणाऱ्या पोराचे वय काही बाराचे दिसत नाही.