सेट आहेस ना?

सकाळी उठल्यापासून मोजून बघा. रात्री सेट केलेला अलार्म बंद केला, गाडीत एसी चोवीसवर सेट केला, बॉसनं अकराची मीटिंग सेट केली, दुपारी टार्गेट सेट झालं, संध्याकाळी पार्लरमधून केस सेट करून मैत्रीण भेटली. मधे कुणीतरी कानात सांगितलंच की अकाउंट्सवाल्याचं आणि रिसेप्शनवालीचं ‘सेटिंग’ आहे. मराठी माणसाचा दिवस एका इंग्रजी क्रियापदावर चाललाय, राव!

आणि हा शब्द काही ऐरागैरा नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांबलचक नोंद होती ती ‘सेट’ या क्रियापदाची. ४३० अर्थ, साधारण ६०,००० शब्द. तीन अक्षरांच्या शब्दावर अख्खी कादंबरीच म्हणा ना! पुढे नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं त्याला मागे टाकलं. २०११ साली ‘रन’च्या अर्थांचा आकडा ६४५ असल्याची बातमी आली. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकारानं त्या एका शब्दावर नऊ महिने काढले होते. (आपण एका प्रेझेंटेशनला तीन दिवस मागितले की बॉसचा चेहरा बघा.)

तरी माझा जीव ‘सेट’वरच. कारण त्याचं मूळ आपल्या घरचं वाटतं. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीपासूनचं हे नातं. एकदा हे कळलं की निम्मा गुंता सुटतो, कारण आपलं ‘बसवणे’ही काही कमी नाही. ते हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. ते अंगठीत हिरा सेट करतात, आपण खडा बसवतो. शिवाय आपण गणपती बसवतो, घट बसवतो, एकांकिका बसवतो, आजोबांची कवळी बसवतो आणि धंद्यात जम बसवतो. सूर्य तेवढा आपल्याकडे मावळतो. इंग्रजीत बिचारा तोही ‘सेट’ होतो.

पण इंग्रजीतला ‘सेट’ नुसता बसून राहत नाही, खरी गंमत इथे आहे. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे. ‘सेट फ्री’ म्हणजे सोडून देणे. सिमेंट सेट झालं की हलत नाही, आणि जहाज ‘सेट सेल’ करतं तेव्हा बंदर सोडतं. थांबणं आणि निघणं, दोन्ही एकाच शब्दात.

आपण मात्र मराठीत आणताना माणसासाठी फक्त सिमेंटवाला अर्थ उचलला. पर्मनंट नोकरी, टू-बीएचके, वीस वर्षांचे हप्ते, लग्न. झालं, लाइफ सेट! नोकरी सोडून वर्षभर हिमालयात भटकायला निघालेल्याला कुणी ‘सेट’ म्हणणार नाही, इंग्रजीच्या हिशेबानं तो ‘सेट ऑफ’ झाला असला तरी. आणि वाक्यरचना बघा: ‘मुलगा सेट झाला’. म्हणजे मुलानं स्वतः काही केलेलंच नाही. दही लागावं तसा तो लागला. त्याला तिथे बसायचं होतं का, हे विचारायला वाक्यात जागाच नाही.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण आहे. परवा एका लग्नात तिच्या काकांनी गुलाबजामचा चमचा हातात धरून विचारलं, ‘‘काय मग, सेट ना?’’

ती म्हणाली, ‘‘हो काका. पहिल्याच फटक्यात.’’

काका खूश होऊन आइस्क्रीमकडे वळले. मी हसू दाबत होतो, कारण ती खोटं बोलली नव्हती. सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता ठरवणारी ‘सेट’ नावाची एक परीक्षा असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती ही मुलगी खरंच पहिल्या प्रयत्नात पास झालीय. त्याला आता सहा वर्षं झाली.

तेव्हापासून ती तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, मधे एसटीचा तासाभराचा प्रवास. जितके तास घेतले तितकं मानधन, तेही हातात पडायला कधीकधी दोन-तीन महिने. दिवाळीची सुट्टी लागली की मिळकतीलाही सुट्टी. बँकेनं गृहकर्जाचा फॉर्म परत केला, कारण ‘नोकरीचं स्वरूप’ या रकान्यात काय लिहायचं हे त्यांनाही कळेना. शिकवते मात्र अशी, की दुसऱ्या वर्गातली मुलं मागच्या बाकावर येऊन बसतात.

‘‘काकांना खरं का नाही सांगितलंस?’’ मी विचारलं.

‘‘सांगितलं असतं तर त्यांनी स्थळ सुचवलं असतं,’’ ती म्हणाली आणि माझ्या ताटातला गुलाबजाम उचलला. ‘‘जूनमध्ये मुलाखत आहे.’’

‘‘कुठली?’’

‘‘तीच रे. दरवर्षीची.’’